शेंदूर लावलेला भाव

फार वर्षांपूर्वी, राज्यं लहान होती आणि नाणी जड होती तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या अलीकडे शेतकऱ्यांचं राज्य होतं, पलीकडे दर्यावर्द्यांचं. अलीकडच्या नाण्यावर नांगराची छाप, पलीकडच्या नाण्यावर शिडाची. मधल्या खिंडीत एक गाव होतं आणि त्या गावात एक सराफ बसत असे. येणाऱ्याची शिडं घेऊन तो नांगर देई, जाणाऱ्याचे नांगर घेऊन शिडं देई, आणि मधलं थोडं आपल्याकडे ठेवी.

त्याच्या पेढीसमोर एक धोंडा होता. त्यावर कोरलं होतं, ‘एका शिडाला दोन नांगर’. हा माझ्या आजोबांचा भाव, असं सराफ अभिमानाने सांगे. दर दसऱ्याला तो धोंड्याला तेलशेंदूर लावी आणि नारळ फोडी. हळूहळू गावकरीही येता-जाता हात जोडू लागले. होता होता त्या भावाचा देवच झाला.

गावात विहीर नव्हती. बायका दरीत उतरून पाणी आणत. सराफाची बायको एकदा त्या वाटेवर घसरली, तेव्हापासून लंगडत चाले, पण पाण्याला जाणं तिला चुकलं नव्हतं. सराफाला ते बघवत नसे. त्याने गावाला गोळा करून विहिरीसाठी घरोघर पैसे जमवायला सुरुवात केली. हंडा नांगरांनी काठोकाठ भरत आला. पाथरवट अलीकडच्या राज्यातले, त्यांना नांगरच लागत. एक-दोन वर्षांत काम सुरू होईल, असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं.

तेवढ्यात पलीकडचं बंदर गाळाने भरू लागलं. गलबतं दुसरीकडे वळली. पलीकडचा माल कमी झाला, तशी शिडाला मागणीही कमी झाली. अलीकडच्या बाजारात शिडाला दीड नांगर मिळू लागला, मग एकच. दोन मिळत ते फक्त खिंडीत. मग काय, साऱ्या मुलखाची शिडं खिंडीकडे निघाली. सराफाच्या दारात रांग लागली आणि त्याची छाती फुगली. पेढीवरचे नांगर संपले, तेव्हा त्याने विहिरीच्या हंड्यात हात घातला. दोन नांगर काढून एक शीड टाकलं की हंड्याचं मोल तेवढंच, असा त्याचा हिशेब होता.

मिठाच्या तांड्याचा नायक दर हंगामात त्याच्या ओसरीवर उतरत असे. त्या खेपेला त्याने नाण्यांची थैली उघडलीच नाही.

“शेठ, खाली बाजारात एका शिडाला एकच नांगर मिळतो,” तो म्हणाला. “तुमच्याकडून गेल्या खेपेला मीही दोन घेतले, खोटं कशाला बोलू? पण आज तुम्हाला विहिरीचे पैसे काढताना पाहिलं आणि राहवेना. भाव उतरवा. असतील तेवढी शिडं उद्याच खाली नेऊन मोडा. अर्धे पैसे तरी वाचतील.”

“माझ्या आजाचा शब्द मी मोडू?” सराफ म्हणाला, आणि त्या दिवशी नायकाला त्याने जेवायलाही थांबवलं नाही.

पुढच्या वर्षी पाथरवट आले. हंड्यात सगळी शिडंच होती, आणि तोवर एका नांगराला चार शिडं मोजावी लागत. माती उपसून झाली, खडक लागला आणि पैसे संपले. पाथरवट निघून गेले. गावातलं कुणी सराफाला टाकून बोललं नाही, आणि ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

त्याची म्हातारी आत्या तेवढी त्याच्याजवळ येऊन बसली. “तुझा आजा धोंड्यावर चुन्याने लिहायचा,” ती म्हणाली. “सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, गलबतं किती आली, धान्य कसं पिकलं, मग भाव लिहायचा. संध्याकाळी पुसून टाकायचा. तो गेला त्या दिवशी दोन नांगर लिहिलेले होते. तुझ्या बापाला ते पुसवेना. त्याने कोरून घेतले.”

“मग मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तू हात जोडून उभा असायचास, बाबा. तुला कसं सांगू?”

सराफ रडला. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या कमरेवरची घागर काढून घेतली आणि स्वतः दरीत उतरला. त्यानंतर रोज उतरत राहिला. पेढीवर मात्र तो आता आधी विचारी आणि मग भाव सांगी. नांगरामागून नांगर साठत गेला, पाथरवट पुन्हा आले, खडक फुटला आणि विहिरीला पाणी लागलं. पण त्याला बरीच वर्षं लागली. पहिली घागर वर आली तेव्हा ती पाहायला सराफाची बायको राहिली नव्हती.

तात्पर्य: माणसांची गरज बदलली की नाण्याचं मोल बदलतं, आणि कालचा भाव आज धरून बसणारा दुसऱ्यांचा तोटा आपल्या घरात आणतो.