कासवाने पाहिलेला धबधबा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं कासवाने मला बजावलं होतं. पण त्याला आता बरीच वर्षं झाली.

एका तळ्यावर बगळेबुवा रोज सांगत, "मरण्याआधी डोंगरापलीकडचा धबधबा पाहायलाच हवा!" शेवटी कासव निघालं. चालून चालून ते पोहोचलं, पण पाण्याचा गडगडाट ऐकताच त्याने मान पाठीच्या ढालीत ओढून घेतली, ती परतीच्या वाटेवरच बाहेर काढली.

"कसा होता?" सगळ्यांनी विचारलं. इतकं चालून 'पाहिलाच नाही' कसं म्हणायचं?

"अप्रतिम!" कासव म्हणालं.

लगेच म्हाताऱ्या गोगलगायीने फराळाचं गाठोडं बांधलं. तिची चाल आणि तिचं वय पाहून कासवाला घाम फुटला. त्याने बगळ्याला गाठलं. "बुवा, मी काहीच पाहिलं नाही हो!"

"हळू बोल," बगळा कुजबुजला. "तुषार उडाले तेव्हा माझेही डोळे मिटलेले होते. पण एवढं उडून गेलो होतो ना!"

गोगलगायीला गाठणं सोपं होतं. ती अजून काठावरच होती. "आजी, जाऊ नका!"

"वा रे वा! स्वतः पाहून आलास आणि म्हातारीला नको म्हणतोस होय?"

सगळं तळं कासवाकडे बघू लागलं. त्याने मोठा श्वास घेतला. "आजी, खरं सांगतो, मी तिथे—"

थांबा हं, मला आई हाक मारतेय, उरलेली गोष्ट नंतर सांगते. आले गं आई, आले!