न आलेले साहेब

सरकारी कचेऱ्यांतले संगणक ज्यांच्या हुकमावर चालायचे, ते धारणकर साहेब एका नियमाचे पक्के होते: जे पोर्टलवर नाही, ते घडलेलंच नाही. कोंढरी तालुक्याच्या कचेरीतलं नेट महिनाभर बंद होतं. तहसीलदार सुमित्रा खरबडे पत्रं पाठवून थकल्या, पण साहेबांचं उत्तर ठरलेलं: "तक्रार पोर्टलवर टाका."

अखेर साहेब स्वतःच तपासणीला अवतरले. ना हार, ना नारळ. कुणी खुर्चीतून उठेना, कुणी नमस्कार करेना. साहेब खाकरले, तरी शिपाई आपला टेबल पुसतोय. आपण भलत्याच कचेरीत शिरलो की काय? साहेबांनी बाहेर जाऊन पाटी वाचली. पाटी बरोबर होती. पुन्हा आत आले, तरी तेच! आता मात्र त्यांनी स्वतःला हळूच चिमटा काढला. दुखलं.

"मॅडम, मी आलोय!" ते तहसीलदारांसमोर ओरडले.

"कसं शक्य आहे?" सुमित्राबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमची भेट पोर्टलवर नाही. नेटच बंद, तर नोंदवणार कशी? तेव्हा नियमाप्रमाणे तुम्ही आलेलेच नाही."

साहेबांनी तिरीमिरीत टेबलावरचा फोन उचलून आपल्याच कार्यालयाला लावला. "कोंढरीचं नेट बंद आहे. आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा!"

पलीकडून अदबीनं उत्तर आलं, "पण साहेब, पोर्टलवर तक्रार दिसत नाही."

साहेबांचा चेहरा पडला. तशा सुमित्राबाई उठल्या, मागोमाग अख्खी कचेरी उठली.

"या साहेब, बसा," बाई म्हणाल्या. "आत्ता आलात खरे."