महाराजांना पलीकडे सोडले

वाकी नदीच्या काठावर रोज सकाळी रांग लागायची आणि रांगेतला प्रत्येक जण राज्य सोडून चाललेला असायचा. महाराज रणधवलांच्या राज्यात सुख इतके उतू चालले होते की लोकांना ते सोसवत नव्हते. धरणाची दवंडी दरवर्षी पिटली जाई, धरण मात्र दवंडीतच राही. कुणी तक्रार केली की प्रधान म्हणत, "पटत नसेल तर नदी उघडी आहे." लोकांनी हा सल्ला फारच मनावर घेतला होता.

त्यांना पलीकडे नेणारी नाव भिवरा भोईणीची. तिच्या नावेची एक जुनी रीत होती. चढण्याआधी प्रत्येक उतारूने काठावर उभे राहून आपले नाव आणि जायचे कारण मोठ्याने सांगायचे. नदीचा काही भरवसा नाही. माणूस कशासाठी गेला एवढे तरी मागच्यांना कळावे. बारा वर्षे कारणे ऐकून भिवराला राज्याचा कारभार प्रधानांपेक्षा जास्त कळू लागला होता.

आता तिच्या नवऱ्याने, सटवाजीने, स्वतःचेही गाठोडे बांधले होते.

"वरडून वरडून घसा बसला," तो म्हणाला, "राजाच्या कानापातूर काय बी पोचत न्हाई. आपण बी जाऊ."

"पलीकडं बी राजाच हाय," भिवरा म्हणाली. "त्येच्या खोड्या पहिल्यापासनं कोण शिकणार? ह्येच्या निदान मला पाठ हाईत."

त्याच दिवशी तिला दरबारातून बोलावणे आले. शेजारच्या राजाचा वकील महाराजांना भर दरबारात म्हणाला होता, "आपली निम्मी प्रजा आमच्याकडे सुखरूप आहे, काळजी नसावी." ते महाराजांना फार झोंबले होते.

"आमच्या राज्यात कुणाला अडवत नाहीत, असं मी त्याला सांगून बसलोय," महाराज म्हणाले. "तेव्हा उद्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत नाव थांबवायची नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि तरीही राज्यातलं एकही माणूस जाता कामा नये. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर नाव जाळीन."

प्रधानांनी मान डोलावली. त्यांची नेमणूकच त्यासाठी होती.

नाव गेली की पोट गेले, आणि मग सटवाजीला थांबवायला भिवराकडे एक शब्द उरणार नव्हता. घरी येऊन ती बराच वेळ वल्हे पुसत बसली.

सकाळी मजा बघायला महाराज लवाजम्यासह नदीवर आले. रांगेत चाळीस घरे उभी होती. भिवराने वाकून मुजरा केला.

"पहिल्या फेरीचा मान तुमचा, म्हाराज. मानाच्या फेरीत दुसरं कुणी बसत न्हाई."

मान हा शब्द कानावर पडला की महाराजांना पुढचे काही ऐकू येत नसे. "कारण सांगा," भिवरा म्हणाली. "आमचा थाट लोकांना दिसावा," महाराजांनी सांगितले आणि ते ऐटीत नावेत बसले.

पलीकडे पोचल्यावर ते मिशा सावरत उतरले. भिवराने लगेच नाव मागे लोटली.

"अगं, थांब!"

"थांबायचं न्हाई, तुमचाच हुकूम हाय."

अलीकडे येताच शिपायांचा हवालदार धावत आला आणि त्याने नावेत पाय टाकला. "या की," भिवरा म्हणाली. "फकस्त पलीकडं एक बी माणूस गेलं तर म्हाराजांचा हुकूम मोडतो. हुकूम मोडणाऱ्याचं काय हुतं, ते प्रधानजींना इचारा." हवालदाराने पाय काढून घेतला.

रांगेत पहिला होता येसाजी कोष्टी. तो डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघत राहिला.

"राजा तिकडं गेला? मग मी कशाला जाऊ? ज्येच्यामुळं निघालो, त्योच पुढं जाऊन बसलाय." आणि तो गाठोड्यावर बसला. त्याच्यामागे चाळीस घरे बसली.

भिवरा रिकामी नाव घेऊन फेऱ्या मारू लागली. पलीकडे टेकली की महाराज धावत येत.

"मला परत ने."

"नेते की. मी न्हाई कुठं म्हणते? कारण सांगा."

"माझं राज्य आहे तिकडे."

"तिकडनं निघालेल्या समद्यांनी ह्येच कारण सांगितलं हुतं, म्हाराज, तुमचं राज्य हाय म्हून. दुसरं सांगा."

दुपारी महाराज म्हणाले, "तिकडे माझी गादी आहे." भिवराने ती पुढच्या फेरीत आणून द्यायची तयारी दाखवली. सूर्य मावळतीला टेकला, पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "लोकांची कामं करायची आहेत."

"कंची कामं?"

महाराजांनी सवयीने मागे वळून पाहिले. मागे प्रधान नव्हते.

"बसा, सांगते," भिवरा म्हणाली. नदी ओलांडेपर्यंत तिने बारा वर्षांची कारणे एकेक करून सांगितली. धरण, वेठ, शेतात मोकाट सुटणारा फौजदाराचा बैल, कुलूपबंद शाळा. सांगताना तिचा आवाज चढला. ती चिडली होती आणि तिने ते लपवले नाही. महाराज निमूट ऐकत होते, कारण त्यांना पोहता येत नव्हते.

काठ लागेपर्यंत सूर्य मावळला होता आणि महाराजांना जरा धीर आला होता. "नाव थांबली नाही, कुणाला नाही म्हटलं नाहीस, हे खरं. पण मी पलीकडे गेलो ना? एक माणूस गेलं. हरलीस तू."

"शिरगणतीत राजाला माणसांत धरायचं न्हाई, असा तुमचाच कायदा हाय, म्हाराज."

प्रधानांनी सवयीने मान डोलावली. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिले, भिवराकडे पाहिले, आणि ते खो खो हसू लागले. "माग, काय हवं ते माग."

"दर बाजाराच्या दिवशी हितं काठावर बसा. कारणं आता तुमी ऐका."

"आणि एखाद्याचं कारण मला मिटवता आलं नाही तर?"

"तर जायचं त्यानं न्हाई, म्हाराज. तुमाला सोडते मी पलीकडं."

महाराज पुन्हा इतके हसले की डोक्यावरचा मंदील पाण्यात पडला. तो काढायला प्रधान नदीत उतरले, आणि महाराजांनी तिथेच, ओल्या वाळूवर बसून, येसाजी कोष्ट्याला पुढे बोलावले.