रानात राखलेले अळंबे

फार फार पूर्वी, राज्ये लहान आणि राजांच्या जिभा लांब होत्या त्या काळी, एका डोंगराळ राज्यात पावसाळा लागला की रानोमाळ अळंबी उगवत. जोरदार पावसात पांढरी, तुटपुंज्या पावसात राखी, उशिराच्या पावसात पिवळसर. घरातले धान्य संपले की पायथ्याच्या गावाला तीच पोसत.

त्या गावाची एक रीत होती. वारुळावर उगवलेले प्रत्येक रंगाचे पहिले, टपोरे अळंबे कोणी खुडायचे नाही. ते उमले, सुके आणि त्याची भुकटी वाऱ्याबरोबर रानभर पसरे.

राजाच्या कारभाऱ्याने हे पाहिले आणि त्याला राजनिष्ठेचा झटका आला.

"उत्तम ते वाळवीला, आणि महाराजांना उरलेसुरले?" तो गरजला.

"वाळवीला नाही, कारभारी, पुढच्या सालाला ठेवलंय," गावातली एक म्हातारी म्हणाली. "बियाणं कुणी शिजवून खातं का?"

"पुढचे साल अर्ज घेऊन आले होते का तुझ्याकडे?"

हुकूम निघाला: रानात एकही अळंबे उभे दिसता कामा नये. बियाण्यासाठी राखलेली पांढरी मुदपाकखान्यात गेली. राखी आणि पिवळसर राजाला आवडत नसत. पण नियम सर्वांना सारखा, म्हणून तीही उपटून उकिरड्यावर टाकली. नासाडी थांबवल्याबद्दल कारभाऱ्याला शालजोडी मिळाली.

चार साले गेली. रानातली अळंबी विरळ होत गेली, कारभाऱ्याचे अहवाल भरघोस होत गेले.

पाचव्या साली पाऊस तुटपुंजा पडला. पांढरी अशा पावसात येतच नसत. राखी आली असती, पण ती उरलीच नव्हती. राजाच्या ताटातली एक वाटी रिकामी राहिली. गावाची ताटेच रिकामी राहिली.

"गावाने चोरून खाल्ली," कारभारी म्हणाला.

म्हातारीला दरबारात ओढून आणले. ती नातवंडांना घेऊनच आली.

"महाराज, आम्ही चोरून खाल्लं असतं तर ही पोरं अशी काटक्या झाली असती का? आधी यांच्या बरगड्या बघा, मग चोर ठरवा."

राजा वरमला. त्याने तत्काळ नवा हुकूम काढला: राखी अळंब्यांनी पुन्हा उगवावे. दवंडीवाल्याने तो तीन दिवस रानात वाचून दाखवला. एकही अळंबे हजर झाले नाही.

पोरे जगवायला गाव परमुलखात निघून गेले. ते का गेले, याची चौकशी राजाने कारभाऱ्याकडेच सोपवली.

तात्पर्य: बियाण्यासाठी राखलेल्याला जो नासाडी म्हणतो, तो पुढच्यांचे ताट आजच उष्टे करतो.