गलबलवाडी गप्प बसली तेव्हा

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात गप्प बसायला कुणालाच येत नव्हतं. गावाचं नाव गलबलवाडी. तिथली माणसं शेजारी बसूनही अशी बोलत, जणू मध्ये नदी आहे. विहिरीवर चार बायका जमल्या की पाचवीला वाटे भांडण लागलंय. ती सोडवायला जाई, आणि मग खरंच लागे. कुणी गप्प दिसला तर लोक त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघत.

कामाचंही तसंच. विहीर खणायची असो की छप्पर चढवायचं असो, आधी हलगी वाजलीच पाहिजे. हलगीशिवाय हात चालत नाहीत, असं गावाचं ठाम मत होतं.

या गावात एक कुंभार राहायचा. त्याची बायको भिवरा. भिवराचा आवाज साऱ्या गावात पहिला. ती आपल्या गाढवांवर ओरडली की शेजारच्या गावची गाढवं चालू लागत. कुंभार मात्र बोलायचा नाही. म्हणजे त्याची पाळीच यायची नाही हो! तो तोंड उघडायचा, तेवढ्यात भिवरा त्याचं वाक्य पुरं करून पुढचं सुरू करायची. पण जीव होता दोघांचा एकमेकांवर. तव्यावरची पहिली टम्म फुगलेली भाकरी ती रोज त्याच्यासाठी बाजूला काढायची.

एका वर्षी सात दिवस पावसाची झड लागली. आठव्या दिवशी सकाळी भिवरा गाढवं घेऊन माळावर गेली आणि कुंभार मडकी झाकायला छपरात गेला. इतक्यात डोंगरात गडगड झाली. दरड सुटली! माती, दगड, झाडं, पाणी, सगळा लोंढा घरंगळत खाली आला आणि कुंभाराच्या छपराच्या जागी नुसता चिखल उरला. बाकीचं गाव वाचलं. माळावरची भिवराही वाचली. कुंभार तेवढा दिसेना.

गलबलवाडीची माणसं लाख बडबडी असतील, पण मनाची मोठी. हातातलं काम टाकून सगळी धावली. कुणी फावडं आणलं, कुणी कुदळ, कुणी घमेलं, आणि हलगीवाल्याने अर्थातच हलगी आणली. छप्पर होतं त्याच जागी खणायला सुरुवात झाली.

"हाणा रे! ओढा रे!" पाटील ओरडत होते. हलगी कडकडत होती. आणि त्या सगळ्यांच्या वर भिवराचा आवाज. "अहो! अहो, ऐकलं का? कुठं आहात? अहो!" एक हाक संपायच्या आत दुसरी.

चार घटका गेल्या. विहिरीएवढा खड्डा झाला, पण कुंभार सोडाच, मडक्याचं एक खापरसुद्धा हाती लागलं नाही. भिवराचे हात सोलवटले.

तेवढ्यात डोंगरावरून एक म्हातारा धनगर उतरला. काठीवर हनुवटी टेकून तो जरा वेळ बघत राहिला.

"काय शोधताय?" त्याने विचारलं.

"माणूस! कुंभार गाडला गेलाय आमचा!" पन्नास जण एकदम ओरडले.

"मग त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून हलगी लावलीय होय?"

पाटलांच्या मिशा थरथरल्या. "म्हाताऱ्या, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"चेष्टा नाही, पाटील. माझं कोकरू दरीत चुकलं की मी एकदाच हाक मारतो. मग जागच्या जागी उभा राहतो आणि श्वाससुद्धा जपून घेतो. ते ओरडलं की तिकडं जातो. मीच ओरडत सुटलो, तर ते कुठून ओरडतंय ते मला कसं कळावं?"

हे सगळ्यांना पटलं. आणि पटलं म्हणून काय केलं त्यांनी? सगळे मिळून ओरडले, "गप्प बसा!"

"तू आधी गप्प बस!"

"मी गप्पच होतो, तूच बोललास!"

"अरे, गप्प बसा म्हणतोय ना!" यात आणखी अर्धी घटका गेली.

शेवटी धनगराने काठी आपटली. "ही काठी वर गेली की हात थांबवायचे आणि तोंडही. खाली आली की काम. हलगीवाले दादा, तुम्ही त्या उंच दगडावर उभे राहा आणि डोंगरावर नजर ठेवा. पुन्हा माती हलली तरच हलगी वाजवायची. वाजली की बाकीच्यांनी पळायचं."

काठी वर गेली. काय सांगू तुम्हाला, काय हाल झाले लोकांचे! पाटलांनी मिशी दातांत धरली. दवंडीवाल्याने पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं. न्हाव्याला शिंक आली, ती त्याने नाक दाबून परत पाठवली. गाढवं ओरडू नयेत म्हणून त्यांच्यापुढे कडबा टाकला. जन्मात पहिल्यांदा गलबलवाडी गप्प झाली.

फक्त भिवरा ओरडत होती. "अहो! अहो!"

धनगर तिच्याजवळ बसला. "पोरी, आता तूही थांब."

"मी थांबले तर त्यांना वाटेल, ही पण सोडून गेली," भिवरा रडत म्हणाली. "माझ्या आवाजाचा तरी धीर असेल ना त्यांना!"

"धीर दिलास, चांगलं केलंस. आता त्याला काही सांगायचं असेल तर?"

भिवराने डोळे पुसले. मग तिने पदराचा बोळा तोंडात घातला, चिखलात गुडघे टेकले आणि जमिनीला कान लावला. इतकं अवघड काम तिने कधी केलं नव्हतं.

काही ऐकू आलं नाही. नुसतं पाणी झिरपत होतं.

दहा पावलं खाली सरकून पुन्हा ऐकलं. तिथेही काही नाही. असं करत करत ती उतारावरच्या जांभळीपर्यंत आली. छपराची जागा तिथून साठ पावलं वर राहिली होती. तिने कान टेकला.

टण. टण. टण.

मग शांतता. मग पुन्हा टण, टण, टण.

भिवराने आवाज ओळखला. पक्कं भाजलेलं मडकं वाजवून बघताना येतो, तोच हा आवाज. भट्टी उघडली की तिचा नवरा एकेक मडकं असंच वाजवून बघायचा. तिला किंचाळावंसं वाटत होतं. तिने पदर घट्ट चावला आणि फक्त बोट खाली दाखवलं.

लोंढ्याने अख्खं छप्परच ढकलत जांभळीपाशी आणून टाकलं होतं, आणि गाव खणत होतं वर!

धनगराने कुदळी बाजूला ठेवायला लावल्या. खाली माणूस आहे म्हटल्यावर घाव घालून कसं चालेल? लोकांनी हातांनी माती उपसली आणि घमेली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात बिनबोभाट जाऊ लागली. मधूनमधून काठी वर जायची, सगळे थांबायचे, आवाज जवळ आलेला असायचा.

एकदा काठी वर गेली आणि आवाजच आला नाही. भिवराने डोळे मिटले. सगळे तसेच चिखलात वाकून उभे राहिले. बऱ्याच वेळाने आवाज आला, पण डावीकडून, आणि अगदी क्षीण. लोक चुकून उजवीकडे सरकले होते. लगेच डावीकडे वळले.

आणि मग एक वासा लागला. वाशाखाली दोन मोठे रांजण, आणि त्या दोन रांजणांच्या मधल्या पोकळीत कमरेपर्यंत चिखलात रुतलेला कुंभार! हातात एक गोटा.

पाटलांनी स्वतः खांद्याला धरून त्याला बाहेर काढलं. पण आनंदाच्या भरात धनगराची काठी वर गेली होती. ती खाली घ्यायला तो विसरला, म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. कुंभाराने डोळे चोळले. समोर पाहिलं तर सारी गलबलवाडी उभी, आणि सारी गप्प.

"मेलो की काय मी?" तो घाबरून म्हणाला.

मग काय! काठी खाली आली आणि असा हशा उसळला की हलगीवाल्यालाही राहवलं नाही. हलगी ऐकून अर्धं गाव दरड आली समजून पळालं, आणि हसत परत आलं.

भिवराने नवऱ्याचा चिखलाने माखलेला चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती हाका मारल्या मी तुम्हाला! किती हाका मारल्या!"

"ऐकल्या की," कुंभार म्हणाला. "एकूण एक ऐकल्या. प्रत्येक हाकेला ओ देत होतो मी."

भिवरा एकदम गप्प झाली. ती त्याच्यासमोर चिखलातच बसली आणि हळूच म्हणाली, "बोला. आता तुम्ही बोला, मी ऐकते."

कुंभार बोलू लागला. सवय नसल्यामुळे तो फार अडखळत होता. पण त्याचं एकही वाक्य कुणी मध्येच पुरं केलं नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: हाक मारायला नुसता घसा पुरतो, ओ ऐकायला मात्र गप्प बसावं लागतं.