नांदखेड्याचा राखेचा माथा

बंधाऱ्याच्या मोरीपाशी तो करडा उंचवटा दिसतो ना, बसलेल्या म्हशीएवढा, तो मातीचा नाही. जवळ जाऊन नखाने खरवडून बघा, बोटाला पांढरं लागेल. ती राख आहे. पावसापाण्यानं दबून, वाळून, दगडासारखी झालेली राख. गावात याला माथा म्हणतात. यावर गुरं चढवत नाहीत आणि चप्पल घालून कुणी पाय देत नाही. तुम्ही मतदारांची यादी घेऊन आलात, कोण नवं आलं, कोण गेलं, कोण मेलं ते लिहायला. म्हणून तुम्ही हे आधी ऐकलंच पाहिजे. यादी या गावात फार जुनी आहे. फक्त तेव्हा ती कागदावर नव्हती.

असं सांगतात की गावात दोन तट होते. थोरला तट वरच्या आळीचा, धाकटा खालच्या आळीचा. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेताला आधी द्यायचं, कुणाची पाळी किती घटकांची, हे ठरवायचा मान दर वर्षी एका तटाकडे जाई. तो मान ठरे राखेवर. दिवाळीच्या पाडव्यापासून महिनाभर प्रत्येक घरानं आपल्या चुलीची राख साठवायची आणि मार्गशीर्षात ठरल्या दिवशी सकाळी इथे आणून आपल्या तटाच्या ढिगावर ओतायची. ज्याचा ढीग उंच, त्याचा मान. घरात खाणारी माणसं जास्त तर भाकरी जास्त, भाकरी जास्त तर राख जास्त. माणसं मोजायला याहून सरळ माप त्या काळी कुणाला सुचलं नाही.

लबाडी व्हायचीच. कुणी रानात पऱ्हाट्या जाळून राख वाढवी, कुणी माती मिसळी. म्हणून राख पारखायचा मान एका म्हातारीकडे असे. ती चिमूट घेऊन बोटांत चोळायची आणि विचारायची, "कुणाच्या चुलीची?" आणणाऱ्यानं उत्तर द्यायचं. मग ती म्हणायची, चुलीची आहे, किंवा नाही. तिच्या शब्दापुढे दोन्ही तट गप्प.

त्या काळी हा मान कोंडाईकडे होता. थोरल्या तटाचा म्होरक्या उखाजी, त्याची ही आई. डोळ्यांनी अधू झालेली, पण बोटं शाबूत. एका वर्षी तिनं आपल्या सख्ख्या भावाची टोपली परत पाठवली होती, म्हणे. "दादा, हे बाभळीचं आहे. वहिनी बाभळीवर भाकरी भाजत नाही, तिचे डोळे झोंबतात." सारा गाव हसला, भाऊसुद्धा.

थोरल्या तटाकडे तीन पिढ्या मान होता. मग दिवस पालटले. वरच्या आळीची तीसएक पोरं कुणा सरदाराच्या फौजेत गेली, परत आली चार. म्हातारी माणसं गेली, त्यांच्या चुली थंड झाल्या. आणि त्याच सुमारास वरच्या मुलखात तीन वर्षं पाऊस पडला नाही, तिथली माणसं नदीपल्याडच्या माळावर येऊन राहिली. कुडाची घरं, वर गवत. त्यांनी माळ फोडून ज्वारी केली, मुलंबाळं झाली, जावई आले, सुना आल्या. दहा चुलींच्या साठ झाल्या.

धाकट्या तटाचा दगाजी हुशार माणूस. तो पहिल्याच वर्षी पल्याड गेला. "तुमची राख आमच्या ढिगावर टाका, पाण्याची पाळी देतो." त्यांनी टाकली. धाकटा तट जिंकला, उखाजीच्या दारातून मान गेला. पाच वर्षं असं झालं. पाचही वर्षं पल्याडच्या ज्वारीला पाणी मिळालं नाही. विचारायला गेले की दगाजी म्हणे, "पुढच्या साली बघू हं. आमच्याच लोकांना कमी पडतंय."

कोंडाईनं लेकाला एकदा सांगून बघितलं. तो जेवायला बसला होता.

"उखा, त्यांना एक पाळी कबूल कर. खरोखर दे. पुढच्या मार्गशीर्षात त्यांची राख तुझ्या ढिगावर येईल."

"भीक मागू काय? आमचा ढीग बापजाद्यांपासून उंच आहे."

"होता. वरच्या आळीत जाऊन किती घरांतून धूर निघतो ते मोज. नुसतं बापजाद्यांचं नाव घेतलं म्हणून चूल पेटत नाही."

उखाजी ताटावरून उठला. त्यानंतर मायलेकांत पाण्याचा विषय निघाला नाही.

सहाव्या वर्षी पल्याडची माणसं शहाणी झाली. त्यांच्यात झिपरू नावाचा एक ज्वान होता, बायको गोजरा. पाडव्याला झिपरू गावात आला आणि चावडीसमोर सगळ्यांदेखत म्हणाला, "यंदा आमची राख दोघांच्याही ढिगावर नाही. आम्ही तिसरा ढीग घालणार. आमची ज्वारी पोटऱ्यात आली आहे, यंदा पाणी मिळालं नाही तर जळेल."

दगाजी हसला, पण त्याचं तोंड उतरलं. पल्याडची राख गेली तर त्याच्याकडे उरतं काय, हे त्यानं मनात मोजून पाहिलं असणार. उखाजीनं मोजलं नाही. त्याला एवढंच कळलं की महिनाभरानं आपला ढीग तिसरा येणार.

मापाच्या आधी चौथ्या दिवशी, भर दुपारी, पल्याडचे पुरुष रानात असताना, उखाजी चाळीस माणसं घेऊन नदी उतरला. कोंडाई घराच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालत होती. तिला आधी जाळ दिसला नाही, वास आला. गवताचा वास, मग धान्याचा. मग दुसराही एक वास, आणि ती खाली बसली.

घरं गवताची. एक पेटलं की सात पेटत. बायका पोरं काखेत मारून नदीकडे पळाल्या, पण कणग्यांजवळ निजलेली दोन लेकरं आणि एक आंधळी म्हातारी आतच राहिली. झिपरू रानातून धावत आला आणि त्या म्हातारीसाठी दारात शिरला. दारातच उखाजीनं त्याच्या मानेवर कुऱ्हाड घातली. एका घावात भागलं नाही म्हणून दुसरा घातला, असं सांगतात. झिपरू अर्धा आत, अर्धा बाहेर पडला आणि वरून छप्पर कोसळलं. हातात काठ्या घेऊन आलेल्या आणखी सहा जणांना तिथंच तोडलं. खालची आळी हे सगळं नदीच्या अलीकडून बघत होती. दगाजीनं आपलं दार लावून घेतलं.

उखाजी घरी आला, अंगणात रांजणापाशी कुऱ्हाड धुतली आणि आत आला.

"झालं, आई. यंदा दोनच ढीग. त्यांच्याकडे आता चूलच नाही, राख आणतील कुठून?"

कोंडाईनं चुलीवरची भाकरी उलटली नाही. ती करपेपर्यंत तिथंच बसून राहिली.

मापाचा दिवस उजाडला. दोन ढीग झाले. धाकट्या तटाचा पार बसका, थोरल्याचा जरा उंच. उखाजीची माणसं गुलाल काढायच्या बेतात होती, तेवढ्यात नदीतून बायका येताना दिसल्या.

पुढे गोजरा. डोक्यावर ओलं फडकं, त्यावर मडकं. मागे चाळीस-पन्नास जणी, परातींत, फुटक्या घागरींत, मातीच्या पाट्यांत भरून. कुणी रडत नव्हतं. गोजरानं दोन्ही ढिगांच्या मधल्या जागेवर मडकं उपडं केलं. करडी राख पडली आणि तिच्यातून वाफ निघाली. मग दुसरी, मग तिसरी. ओतून परत गेल्या, परत भरून आणल्या. अख्खी वस्ती त्यांनी खरवडून आणली. कणग्यांतली ज्वारी चार दिवस आतल्या आत धुमसत होती, तीही आणली. दुपार कलली तेव्हा तिसरा ढीग पुरुषभर उंच झाला होता. उखाजीचा ढीग त्याच्या कंबरेला येईना.

उखाजी ओरडला, "ही चुलीची राख नाही! जळिताची आहे! चालणार नाही!"

माणसांनी मान डोलावली. नियम चुलीचा होता, हे खरंच होतं. सगळ्यांनी कोंडाईकडे बघितलं.

कोंडाई उठली. काठी टेकत तिसऱ्या ढिगापाशी गेली आणि त्यात मनगटापर्यंत हात घातला. राख अजून गरम होती. तिच्या बोटांना फोड आले, पण तिनं हात काढला नाही. तिनं चोळून बघितलं. गवताची राख, कुडाची राख, ज्वारीचे कोळसे. मग काचेच्या बांगडीचा वितळलेला गोळा. मग एक दात लागला, लहान मुलाचा, दुधाचा. तो तिनं मुठीत धरून ठेवला.

"कुणाच्या चुलीची?" तिनं विचारलं. हा प्रश्न विचारावाच लागे.

"माझ्या," गोजरा म्हणाली. "सरपण माझं घर. पेटवली तुमच्या लेकानं. माय, आत काय शिजलं ते तेवढं विचारू नका."

उखाजी जवळ आला.

"आई, तू कुणाची आहेस?"

कोंडाईनं त्याच्याकडे पाहिलं. हा तिचा एकुलता लेक. तिच्या एका शब्दानं त्याचा मान जाणार होता, आणि मान गेल्यावर दहा खुनांचा जाब विचारायला गाव मोकळा होणार होता, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

"चुलीची आहे," ती म्हणाली.

उखाजीचं डोकं फिरलं. "मग ढीगच ठेवत नाही!" म्हणत तो तिसऱ्या ढिगावर चढला आणि लाथांनी राख उडवू लागला. एक लाथ, दोन लाथा. वरची राख थंड होती, पण पोटात धुमसती ज्वारी होती. वारा लागला तसे आतले इंगळ लाल झाले. तिसऱ्या लाथेला त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. तो ओढायला गेला तर दुसराही रुतला. त्याचं धोतर पेटलं. असा ओरडला म्हणे की नदीपल्याडची कुत्री भुंकली. त्याच्याच दोघा माणसांनी हात घातला आणि हात भाजून घेऊन मागे सरले.

"पाणी! आई, पाणी!"

पाणी दहा पावलांवर होतं, बंधाऱ्याच्या फळ्यांमागे. पण त्या फळ्या ज्याचा मान त्यानंच उचलायच्या. मोरीवरचा राखणदार हलेना. त्यानं गोजराकडे बोट केलं.

कोंडाई गोजराच्या पुढे गेली आणि तिनं पदर पसरला.

गोजरा म्हणाली, "माझा माणूस दारात पडला, माय, तेव्हा नदी बारा पावलांवर होती. तुमचं गाव काठावर उभं होतं. एकानं ओंजळ आणली नाही."

"नाही आणली," कोंडाई म्हणाली.

गोजरा किती वेळ उभी राहिली ते कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं पाच श्वास, कुणी म्हणतं फार वेळ. मग ती मोरीवर गेली, राखणदाराला ढकललं आणि स्वतः फळ्या उपटल्या. पल्याडच्या लोकांच्या वाट्याचं ते पहिलं पाणी. ते ज्वारीला जायच्या आधी या ढिगावर आलं. वाफेचा असा लोट उठला की माणसाला माणूस दिसेना. वाफ विरली तेव्हा उखाजीला ओढून काढला. कंबरेखाली त्याचे पाय राहिले नव्हते. तो तीन दिवस जगला. तिसऱ्या दिवशी आईच्या मांडीवर गेला, आणि शेवटपर्यंत गोजराचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही, चांगलंही नाही, वाईटही नाही.

उरलेलं पाणी पाटानं पल्याड गेलं. ज्वारी वाचली.

उखाजीचा दहावा झाला त्या दिवशी सकाळी कोंडाईनं आपल्या चुलीतला विस्तव खापरीत घेतला आणि एकटीच नदी उतरली. जळल्या जागेवर गोजरानं तीन दगड मांडले होते, पण चूल अजून पेटलेली नव्हती. तिथल्या कुणालाच पेटवावीशी वाटत नव्हती, म्हणे. कोंडाई खाली बसली आणि खापरी पुढे केली.

गोजरा म्हणाली, "ह्या विस्तवावर भाकरी केली म्हणून आमची राख तुमच्या ढिगावर यायची नाही."

"मी विचारलं का?" कोंडाई म्हणाली.

तिनं दगडांमध्ये विस्तव ठेवला आणि फुंकला. एवढंच.

आजही नांदखेड्यात कुणी नवं घर केलं, गावाचं असो की परगावाहून पोट भरायला आलेलं, त्याच्या चुलीला पहिला विस्तव उखाजीच्या घराण्यातली सर्वांत म्हातारी बाई स्वतः नेते. तुम्ही विचाराल, आता गॅस आहे, विस्तव कशाला? तरीही ती खापरी घेऊन जाते, काडी न ओढता त्या विस्तवावर चिपाड पेटवते आणि त्यानं शेगडी लावते. जिनिंगच्या कामाला आलेली दूरच्या मुलखातली माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहायला लागली तेव्हा एका पावसाळ्यात तिनं सोळा खोल्यांत विस्तव पोचवला. त्यातल्या अर्ध्या लोकांची भाषा तिला कळत नव्हती. त्याच साली तिचा नातू पंचायतीला उभा होता. तो मागे लागला, "आजी, जातेच आहेस तर जरा चिन्ह सांगून ये ना." तिनं त्याला आधी मोरीपाशी आणलं, हा माथा दाखवला, आणि चप्पल काढायला लावली.

नातू त्या खेपेला पडला. खोल्यांतली मतं दुसरीकडे गेली. पुढच्या आठवड्यात सतरावी खोली झाली, आणि म्हातारी खापरी घेऊन गेली.