भेकरटाक्याचा उपास

खैरदऱ्याच्या माथ्यावर कातळात एक टाकं आहे. भर उन्हाळ्यातही त्यात गुडघाभर पाणी असतं, पण खैरदऱ्याचा माणूस ते पीत नाही. फिरायला आलेले पाहुणे बाटल्या बुडवू लागले की वाट दाखवायला बरोबर आलेले धावजीबाबा ओरडतात, "काढा बाटली! पानी कुनाचं हाये त्ये आधी इचारावं मानसानं." मग धाप लागलेली असली तरी ते तिथंच बसतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात. सांगताना असे तापतात, की हे काल घडलं असं वाटावं.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा दऱ्यात घरोघर तीरकामठा होता आणि शिकारीचा एक कडक नेम होता. ज्याच्या बाणानं रक्त सांडलं, त्यानं ते जनावर हाती लागेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. गावचा पाटील होता बुधाजी. त्याची बहीण येसू त्याच वाडीत दिलेली. माग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि भांडण्यातही नव्हतं.

माघी पुनवेला बुधाजीच्या थोरल्याचं लग्न निघालं. पंगतीला शिकार हवीच, असा पाटलाचा हट्ट. त्याच सकाळी तो येसूला घेऊन रानात शिरला. करवंदीच्या जाळीतून भेकर उठलं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहान चणीचं हरीण. बुधाजीनं घाईत बाण सोडला. तो लागला, पण भेकर पळालं. येसूनं वाकून एक पान उचललं. रक्त काळपट होतं आणि त्यात चरलेल्या पाल्याचा हिरवा चोथा होता.

"पोटात लागलंय," ती म्हणाली. "आता कुनी हलायचं न्हाई. मागं लागलं न्हाई तर जवळच बसंल. उन्हं कलली की जाऊ."

"तवर वऱ्हाड काय माजं तोंड बघत बसंल?" असं म्हणून बुधाजीनं कुत्री सोडली.

व्हायचं तेच झालं. टेकू पाहणारं जनावर भुंकत उठलं आणि डोंगर चढून गेलं. कुत्री जीभ बाहेर काढून परत आली. बुधाजीनं घाम पुसला, "मरंल कुटंतरी," म्हणाला आणि मांडवाकडं वळला. शिकारीऐवजी बोकड कापायचं ठरवून मोकळा झाला.

येसूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरंल कुटंतरी! जनावर काय फुटकं मडकं आहे, उकिरड्यावर टाकून चालू लागायला? तिनं भावाला हाका मारल्या, शिव्या घातल्या. तो वळला नाही. मग ती एकटीच मागावर निघाली. भेकर जिथं जिथं टेकलं होतं, तिथं गवत दबलेलं होतं आणि खाली रक्त सांडलेलं होतं. दर ठिकाणी तिला वाटे, इथं बसू दिलं असतं तर इथंच सुटलं असतं बिचारं. आणि दर ठिकाणी तिचा राग वाढत गेला.

भेकर या टाक्याशी सापडलं. पुढचे पाय पाण्यात, तोंड पाण्याला लागलेलं, पण प्यायचं बळ नाही. डोळे उघडे, पोट भात्यासारखं हलत होतं. येसूनं कोयत्यानं त्याला सोडवलं. मग ती तिथंच मोठ्यानं रडली म्हणे, आणि रडतानाही भावाला शिव्याच देत होती. तेवढं जनावर तिला खांद्यावर आणता आलं असतं. तिनं आणलं नाही. नुसता बाण उपसून घेतला.

ती मांडवात पोचली तेव्हा पंगत बसली होती आणि बुधाजीच्या हातात पहिला घास होता. तिनं बाण त्याच्या पत्रावळीत टाकला.

"वळख. तुजाच हाये."

"येसू, पाव्हन्यांम्होरं तमाशा नको."

"त्ये टाक्यावर जितं व्हतं, बुधा. आत्तापावतर जितं व्हतं. आन् तू जेवाया बसलास!"

शेजारची घागर उचलून तिनं पंगतीच्या चुलाणावर ओतली आणि ओल्या राखेत फतकल मारून बसली. "ह्या घरात आता इस्तू पेटनार न्हाई. तुज्या डोळ्यानं माग काढ, तुज्या खांद्यावर आन. मी वाट दावनार न्हाई."

बुधाजीनं हात उगारला, असं सांगतात. पण पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या पत्रावळी पुढं सारल्या. नेम सगळ्यांनाच ठाऊक होता. नवरीच्या बापानंही हात झाडले. मग मात्र पाटील उठला.

दिवस मावळताना तो भेकर खांद्यावर घेऊन उतरला. दबलेलं गवत आता त्यानंही पाहिलं होतं. पोटातली घाण मांसात उतरून भेकराला वास सुटला होता, खाण्याच्या लायकीचं काही उरलं नव्हतं.

"टाकून देऊ का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"उंबऱ्याम्होरं पूर."

नव्या सुनेच्या डोळ्यांदेखत पाटलानं स्वतःच्या दारात खड्डा खणला. मग येसूनंच चूल पेटवली, पाहुण्यांना वाढलं आणि न जेवता घरी गेली. भावाच्या दारचं अन्न तिनं मरेपर्यंत खाल्लं नाही.

"म्हणजे माफ केलंच नाही?" पाहुण्यांतलं कोणीतरी हमखास विचारतं. धावजीबाबा उखडतात. "कशापायी करायचं? भेकरानं केलं व्हतं का?"

शिकार केव्हाच बंद झाली. पाटलांच्या घरात तीरकामठा औषधालाही उरलेला नाही. पण आजही माघी पुनवेला त्या घरचा कर्ता पुरुष उपाशीपोटी टाक्यावर जाऊन येतो, आणि तोवर घरात चूल पेटत नाही. तो परततो तेव्हा येसूच्या वंशातली एक बाई दार अडवून उभी असते.

"जितं व्हतं का मेलं व्हतं?" ती विचारते.

साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगावं लागतं, "जितं व्हतं. आन् मी जेवाया बसलो व्हतो."

मगच ती बाजूला होते.